राणीचा हौद आणि विरजणाचा थर्मामीटर

नेपरव्हिलमध्ये आमचा मराठी ज्येष्ठांचा एक ग्रुप आहे. वर्षातून एकदा ही मंडळी जग बघायला निघतात आणि चहा कुठे बरा मिळाला एवढंच बघून परत येतात. कोणी निवृत्त हार्ट सर्जन, कोणी निवृत्त इंजिनियर, आणि त्यांच्या कधीच निवृत्त न होणाऱ्या बायका. ग्रुपला एक लीडर आहे. हा आयुष्यभर कुठल्याशा कंपनीत मॅनेजर होता. रिटायर झाल्यावर मॅनेज करायला कोणी उरलं नाही, म्हणून आम्ही. प्रवासात त्याच्या गळ्यात शिट्टी असते. खरीखुरी, पीटीच्या मास्तरांची असते तसली शिट्टी. ज्यांनी आयुष्यभर लोकांची हृदयं उघडून पुन्हा शिवली त्यांना हा शिट्टी वाजवून बसमध्ये चढवतो, आणि ते मुकाट्याने चढतात.

त्याच्या बायकोला मी मनातल्या मनात लीडरीण म्हणते. बाई स्त्रीरोगतज्ज्ञ होती. शिकागोच्या आसपासची निम्मी मराठी पोरं आपल्या हातून जगात आली हे ती कोणाला विसरू देत नाही. वाढदिवसाला गेली की केक कापणाऱ्या पस्तिशीच्या बाप्याला सांगते, ‘तू उलटा होतास हं!’ तो बिचारा ‘थँक यू, काकू’ म्हणतो.

मी या लोकांत कशी, तर नवऱ्यामुळे. ह्यांना माणसांची हौस होती, मला नाही. मी शाळेच्या लायब्ररीत आयुष्य काढलं. तिथे गप्प बसा म्हटलं की लोक गप्प बसतात. हे गावाच्या पाणीखात्यात इंजिनियर होते आणि पाण्याखेरीज जगात कशावर म्हणून ह्यांचा विश्वास नव्हता. पाण्यावरही मोजल्याशिवाय नव्हताच. हॉटेलात गेलो की मी खिडकीतून बाहेर बघायचे आणि हे सिंकखाली डोकं घालून बसायचे. पाटी दिसली की ती खोटी आहे असं धरूनच चालायचे. मी छापलेलं खरं मानणारी. त्यामुळे आमच्या संसारात भांडायला विषय कमी पडला नाही.

चीनची ट्रिप ठरली तेव्हा सगळ्यांना भिंत बघायची होती, आणि ह्यांना फक्त शीआनच्या बाहेरचा एक गरम पाण्याचा महाल. जुन्या काळी तिथे बादशहा थंडीचे महिने काढायचा. डोंगरातून गरम पाणी येतं, ते दगडी हौदांत खेळवलेलं, मातीच्या पाइपांनी. हे कुठल्याशा पुस्तकातले त्या पाइपांचे फोटो मला दाखवायचे. नातवंडांचे फोटो बघतानासुद्धा ह्यांचा चेहरा एवढा फुललेला मी पाहिला नाही. ‘बघ, जॉइंट बघ! आणि सगळं हाताने केलेलं!’ पुस्तकात लिहिलं होतं की झऱ्याच्या पाण्याचं तापमान वर्षभर एकच असतं, आणि महालात तशी पाटीही आहे.

‘शक्यच नाही,’ हे म्हणाले. ‘थंडीत, उन्हाळ्यात, सगळीकडे एकच? मोजलं पाहिजे.’

‘लिहिलंय की तिथे. मोजायचं काय त्यात?’ मी म्हटलं.

‘बोर्ड काय, कोणीही लिहितं.’

मग पैज लागली. मी जिंकले तर हे एकदा सगळ्यांच्या देखत ‘माझं चुकलं’ म्हणणार. हे वाक्य मी लग्नापासून ऐकलेलं नव्हतं. मोजायला म्हणून ह्यांनी आमचा विरजणाचा थर्मामीटर बाजूला काढला. स्टीलची काडी आणि वर छोटी डायल असलेला. इलिनॉयच्या थंडीत दही लागत नाही म्हणून हे दूध कोमट करून त्यात तो खुपसायचे आणि काटा बरोब्बर जागेवर आला की मगच विरजण लावू द्यायचे. माझ्या आईने आयुष्यभर करंगळी बुडवून दही लावलं, पण तिच्या करंगळीवर ह्यांचा विश्वास नव्हता.

ट्रिप ऑक्टोबरची, आणि ह्यांनी फेब्रुवारीत बॅग भरायला काढली. त्याच फेब्रुवारीत एका सकाळी गराजमध्ये बर्फ उडवायचा स्नोब्लोअर धडधाकट उभा असताना हे फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करायला गेले, आणि तिथेच गेले. स्पष्टच सांगते, मी अजून ह्यांच्यावर चिडलेली आहे. लोक म्हणतात, राग हळूहळू जातो. जाऊ दे ना, मला घाई नाही.

तेरावा झाला आणि लीडरचा फोन आला. ‘वहिनी, कसं काय, ठीक ना? बरं, ते चायनाचं कॅन्सल करायचं ना? म्हणजे घाई नाही, पण एक कपल वेटिंगवर आहे.’ घाई नाही म्हणे! मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. मग ह्यांची बॅग रिकामी करायला घेतली. आत चार शर्ट, एक टॉर्च आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेला तो थर्मामीटर. तो हातात घेऊन मी पलंगावर बसले, आणि थोड्या वेळाने लीडरला उलट फोन केला. ‘मी येतेय.’

‘एकट्या?’

‘हो. मला शिट्टी ऐकू येते.’

मुलगी रेडमंडहून फोनवर म्हणाली, ‘आई, आर यू शुअर? यू डोन्ट ईव्हन लाइक दीज पीपल.’

‘तुझ्या बाबांना आवडायचे.’

‘बट बाबा इजन्ट गोइंग, आई.’

हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. मला तिथे जाऊन एकदा, एकदाच, तो थर्मामीटर त्या पाण्यात घालायचा होता. बाकी चीन गेला खड्ड्यात.

तर निघालो. बॅगांत मेथीचे ठेपले, मेतकूट, लसणाची चटणी, आणि लीडरीणबाईंकडे तांदूळसुद्धा. चीनमध्ये तांदूळ मिळायचा नाही अशी भीती बाळगून अमेरिकेतून तांदूळ नेणारी आमचीच जमात. भिंत पाहिली. भिंतीवर बसून ठेपले खाल्ले. तो मातीच्या सैनिकांचा खजिना पाहिला. तिथे आमच्या हार्ट सर्जनने ‘हे सगळे सेमच दिसतात’ असा अभिप्राय दिला. प्रत्येक चेहरा वेगळा आहे असं गाइड तेव्हा कानीकपाळी ओरडत होती. ही गाइड म्हणजे एक तरुण चिनी मुलगी, हसरी, चांगलं इंग्रजी बोलणारी. तिचं नाव लीडरच्या तोंडात बसेना, म्हणून तो तिला ‘बेटा’ म्हणायचा.

मग एकदाचा तो महाल आला. मागे डोंगर, पुढे तळं, तळ्याकाठी विलोची झाडं, लाल खांबांच्या इमारती. दारातच डाळिंबांचे ढीग. या भागातली डाळिंबं फार नावाजलेली, असं गाइड म्हणाली, आणि आमच्या बायका तिथेच अडकल्या. लीडरने शिट्टी मारली. ‘फक्त पाऊण तास! लंच बुक आहे!’ माणूस अर्धं जग ओलांडून येतो आणि याच्या डोळ्यांपुढे नूडल्स.

हौद एका छपराखाली आहेत. खोल, दगडी, पायऱ्या असलेले, आणि ठणठणीत कोरडे. राणीचा हौद फुलाच्या आकाराचा. मी कठड्याला टेकून बघत राहिले. खाली तळाशी पाणी यायचं भोक दिसत होतं. ह्यांना मी इथून ओढून कशी काढली असती, देव जाणे. मी उभी राहिले ती सवयीने डावीकडे जागा सोडून. ह्यांचा डावा कान कामातून गेलेला, म्हणून मी नेहमी ह्यांच्या उजव्या अंगाला. गेल्या फेब्रुवारीपासून मी सगळीकडे अशी माणूसभर जागा सोडून उभी राहते, आणि रांगेत लोक त्यात घुसतात.

‘ड्राय आहे की! स्विमिंग पूलपेक्षा लहान,’ लीडर म्हणाला. ‘चला, नेक्स्ट.’

मी गाइडला विचारलं, गरम पाणी कुठे आहे? तिने सांगितलं, बाहेर एका कोपऱ्यात झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून येतं, लोक त्यात हात धुतात. शेवटी आपण तिथेच जाणार आहोत. शेवटी. मी पर्समध्ये हात घालून मोजा चाचपला.

बाहेर राणीचा पांढरा पुतळा आहे, नुकतीच न्हाऊन उठलेली, अंगावर कपडा जेमतेम. आमचे सगळे पुरुष अचानक इतिहासाचे अभ्यासक झाले. जो तो पुतळ्याशेजारी फोटो काढून घ्यायला पुढे. ज्याला जिना चढताना धाप लागते तो हार्ट सर्जन टुणकन कठड्यावर चढला. शी! बायका ‘पुरे झालं हो’ म्हणत होत्या आणि त्यांचे फोटो काढत होत्या.

तिथे गाइडने त्या राणीची गोष्ट सांगितली. बादशहा तिच्यापायी वेडा झाला, राज्य विसरला. मग सेनापती उलटला, बादशहाला राजधानी सोडून पळावं लागलं. वाटेत त्याचेच सैनिक अडून बसले: हिच्यामुळे हे झालं, आधी हिला मारा, मगच आम्ही पुढे पाऊल टाकू. आणि बादशहाने हो म्हटलं. तिचा गळा आवळला. तो पुढे काही वर्षं जगला, तिच्या आठवणीत रडत बसला म्हणे.

‘प्रॅक्टिकल डिसिजन,’ लीडर म्हणाला. ‘टॉपला बसलं की असे डिसिजन घ्यावे लागतात.’

मी त्याच्या बायकोकडे बघितलं. हे ऐकून ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं. हजारो बायकांना मरणाच्या दारातून परत आणलेली डॉक्टर ती! बाईंनी पुतळ्याकडे बघून उसासा टाकला. ‘काही म्हणा, पण अहेव गेली हो. नवऱ्याच्या आधी. भाग्याची.’

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीने तर हात जोडले. मग एकदम सगळ्यांना मी आठवले आणि सगळ्या डाळिंबांच्या पिशव्यांकडे बघायला लागल्या.

‘वहिनी, तुम्हाला उद्देशून नाही हं,’ लीडरीण म्हणाली.

‘मला उद्देशून कसं असेल? माझा गळा कुठे कोणी आवळलाय?’ मी म्हटलं.

पण एवढ्याने थांबतील तर त्या आमच्या बायका कसल्या. कोणाच्या डोक्यात आधी आलं कोण जाणे, पण ठरलं की या भाग्यवतीची ओटी भरायची. लीडरीणबाईंच्या पर्समध्ये ब्लाउजपीस होताच, गाइड मुलीला द्यायला आणलेला. तांदूळ होते. नारळाच्या जागी डाळिंब. कुंकवाचा करंडा कोणाकडे नसतो? जिला नवऱ्याने मारायला सांगितलं तिची सौभाग्याची ओटी! कपाळ माझं! आणि हे करणाऱ्या अडाणी बायका नव्हत्या. एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ, एक गणिताची प्रोफेसर, आणि दोघी सॉफ्टवेअरवाल्या.

मी आपसूक पुढे झाले होते. सवय हो, दुसरं काय. इतकी वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला मीच तबक धरत आलेली. तर लीडरीणबाईंनी माझ्या हातात स्वतःचा फोन ठेवला. ‘वहिनी, तुम्ही फोटो काढाल का? तुम्हाला चालणार नाही म्हणून नव्हे हं. तुमचे फोटो फार छान येतात म्हणून.’

माझ्या फोटोंत माणसांची डोकी कापली जातात हे अख्ख्या नेपरव्हिलला माहीत आहे.

पाठोपाठ सगळ्यांनीच आपापले फोन दिले. ‘माझ्याही फोनवर एक हं.’ पुरुषांनीही दिले. मी हातभर फोन घेऊन जरा लांब उभी, आणि कठड्यापाशी त्या सवाष्णींचा घोळका. ह्यांचा मला इतका राग आला की काय सांगू. स्नोब्लोअर होता ना घरात!

कठड्याखाली ब्लाउजपीस पसरला, त्यावर तांदूळ, डाळिंब. पुतळ्यापर्यंत हात पोचेना म्हणून लीडरीणबाईंनी बोटं भरून कुंकू घेतलं आणि कठड्याच्या दगडालाच फासलं. त्याच क्षणी जोराची शिट्टी वाजली.

पलीकडून पहारेकरी धावत येत होता, त्याची शिट्टी. पण आमच्या मंडळींना शिट्टी म्हणजे एकच गोष्ट ठाऊक. सगळे वळले आणि भराभरा बसच्या दिशेने चालू लागले. खरंच सांगते! ओटी तिथेच टाकून, रांग करून. पहारेकरी बिचारा दगड पुसायचा सोडून यांच्याकडे बघत राहिला. गाइड पोरगी हात जोडून त्याची माफी मागत होती, मग पर्समधून टिश्यू काढून तिनेच कुंकू पुसलं, तांदूळ गोळा केले. आमच्यापैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. मी हातातले सगळे फोन पर्समध्ये टाकले.

‘बरं झालं, वेळेत आटपलं,’ लीडर घड्याळ बघत म्हणाला. ‘चला वहिनी, बस.’

‘अजून पाणी बघायचंय.’

‘स्किप केलं. लंच थंड होईल.’

‘मी त्या पाण्याला हात लावल्याशिवाय येणार नाही.’

‘वहिनी, ग्रुप म्हणजे ग्रुप. एकीसाठी सगळ्यांना थांबवता येत नाही. प्रॅक्टिकल व्हा.’

त्याच्या तोंडून तो शब्द दुसऱ्यांदा आला आणि मला हसू फुटलं. ‘मग जा की,’ मी म्हटलं. ‘निघा तुम्ही. फक्त तुम्हा सगळ्यांचे फोन माझ्या पर्समध्ये आहेत.’

त्याच्या गळ्यात शिट्टी नुसती लोंबत होती. मी वळले आणि गाइडने दाखवलेल्या कोपऱ्याकडे चालू लागले. मागून ‘अहो वहिनी’, ‘अहो थांबा’ असा गलका आला, तरी मी वेग कमी केला नाही.

पन्हळ साधीच. भिंतीतून पाणी येत होतं, वर वाफ, लोक ओळीने हात धूत होते. बाजूला पाटी, तापमान लिहिलेली. माझा नंबर आला. मी मोज्यातून थर्मामीटर काढला आणि काडी धारेखाली धरली. पाणी हातावर आलं. बाळाला न्हाऊ घालायला काढतो ना, त्याहून जरा कढत. काटा चढायला लागला. चढला, अडखळला, पुन्हा चढला. मागचा एक म्हातारा चिनी गृहस्थ मान पुढे काढून बघायला लागला. त्याने काहीही विचारलं नाही. अख्ख्या चीनमध्ये मला भेटलेला शहाणा माणूस तोच.

काटा थांबला. आता पंचाईत अशी की थर्मामीटर अमेरिकन आणि पाटी चिनी. एकावर फॅरनहाइट, दुसरीवर सेल्सियस. घरी हे हिशेब हेच करायचे, डोक्यातल्या डोक्यात, आणि वर मला ‘सोप्पं आहे गं’ म्हणायचे. बत्तीस वजा केले. पाचाने गुणलं. नवाने भागताना चुकले, पुन्हा केलं. मग पाटीकडे बघितलं.

तेवढंच होतं. पाटीवर लिहिलेलं तेवढंच, तंतोतंत.

‘बघा!’ मी डावीकडे वळून मोठ्याने म्हणाले. ‘म्हटलं नव्हतं मी?’

डावीकडे लीडरीण उभी होती. धापा टाकत पोचली होती आणि ती मोकळी जागा दिसली म्हणून तिथे शिरली होती. दोन्ही हात धारेखाली धरून बोटांचं कुंकू चोळून काढत होती. ते निघत नव्हतं, नुसतं पसरत होतं.

‘काय बघू?’ ती म्हणाली.

जगात दुसरं कोणी नव्हतं. मी जिंकले होते, आणि ते सांगायला ही बाई. मला वाटलं, अहेव गेली ती भाग्याची म्हणे! भाग्याचे तर हे. हरल्याचं कळायच्या आत सुटले.

‘टेंपरेचर,’ मी म्हटलं. ‘पाटीवर आहे तेवढंच भरलं.’

‘अहो, मग मोजायचं काय त्यात? लिहिलंय की तिथे!’

मी सांगितलं, ‘बोर्ड काय, कोणीही लिहितं.’

तिला काही कळलं नाही. तिने हात झटकले. ‘बरं, माझा फोन द्या हो.’

मी आधी थर्मामीटर पदराने नीट पुसला, मोज्यात गुंडाळला, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मग एकेक फोन काढून तिच्या ओल्या, लाल हातांत देत गेले.